फायबर फोटोमेट्रीने डोपामिन आणि वर्तन एकत्र मोजताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

फायबर फोटोमेट्री म्हणजे मेंदूत बसवलेल्या बारीक ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश पाठवून तेथील सेन्सरची, म्हणजे चमकणाऱ्या प्रथिनाची, चमक मोजणे; येथे ती चमक डोपामिन या मेंदूतील रसायनाप्रमाणे बदलते. फायबर फोटोमेट्रीचे आलेख घेऊन सल्ल्यासाठी येणाऱ्या नवख्या संशोधकांच्या कामात एक उणीव पुन्हा पुन्हा आढळते. ध्वनी वाजला की रेषा वर जाते, बक्षीस मिळाले की पुन्हा वर जाते, आलेख देखणा असतो. मात्र ती रेषा डोपामिनमुळेच हलली हे दाखवणारी एकही चाचणी झालेली नसते. विषाणू-वाहकाची (सेन्सरचे जनुक पेशींत पोहोचवणाऱ्या विषाणूची) कुपी प्रयोगशाळेत आली म्हणून आधी शस्त्रक्रिया उरकली जाते, पेशींत सेन्सर तयार होईपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत वर्तनपेटी घाईने जोडली जाते आणि विश्लेषणाचे नियम नोंदी हाती आल्यावर सुचतील तसे ठरतात. हा क्रमच उलटा आहे. घड्याळ, प्रकाशमार्ग आणि विश्लेषणाचे नियम आधी पक्के करावेत, शस्त्रक्रिया त्यानंतर करावी; कारण पहिल्या तिन्हींतील चूक दुरुस्त करता येते, पण शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्याचे आठवडे परत मिळत नाहीत.

पुढील टप्पे उंदराच्या न्यूक्लिअस अॅक्युम्बन्स या मेंदूतील बक्षिसाशी निगडित भागात एक ऑप्टिकल फायबर बसवून, जनुकीय डोपामिन सेन्सर वापरून केलेल्या प्रयोगासाठी लिहिले आहेत. प्राणी-नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण हाती आहे असे येथे गृहीत धरले आहे. त्यांच्याशिवाय पहिल्या टप्प्याच्या पुढे जाऊ नये.

टप्पा १: प्रश्नाला मापनपद्धत जुळते का ते पाहणे

डोपामिन मोजण्याच्या तीन प्रचलित पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मायक्रोडायलिसिसमध्ये मेंदूतील द्रवाचे नमुने काही मिनिटांच्या अंतराने गोळा होतात. रसायन नेमके ओळखता येते आणि मूळ पातळीचा अंदाज मिळतो, पण एका सेकंदात घडलेले वर्तन त्या नमुन्यात विरघळून जाते. फास्ट-स्कॅन सायक्लिक व्होल्टामेट्रीत सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीच्या कार्बन तंतूवर सेकंदाला साधारण दहा वेळा व्होल्टेजचा त्रिकोणी फेरा दिला जातो. तिचा वेग चांगला आहे, पण पार्श्वभूमी वजा करावी लागत असल्याने दीर्घकालीन पातळी कळत नाही आणि डोपामिन व नॉरअॅड्रेनालिन यांच्यात भेद करणे जवळजवळ अशक्य होते. फोटोमेट्रीचा वेग पुरेसा असतो, तोच प्राणी अनेक आठवडे वापरता येतो आणि तो मोकळा फिरू शकतो. मात्र तिच्यातून मिळते ती प्रकाशाच्या तीव्रतेतील सापेक्ष वाढ-घट. नॅनोमोलरमधील संहती त्यातून मिळत नाही.

या मर्यादेचा थेट परिणाम प्रश्नाच्या मांडणीवर होतो. ‘ताण दिल्यावर दहा दिवसांनी डोपामिनची पातळी कमी झाली का’ हा प्रश्न साध्या फोटोमेट्रीने सोडवता येत नाही, कारण दहा दिवसांत सेन्सरचे प्रमाण, फायबरभोवतीच्या ऊतीची अवस्था आणि जोडणीची स्वच्छता या तिन्ही गोष्टी बदललेल्या असतात. ‘बक्षीस अचानक मिळाले तेव्हाचा प्रतिसाद अपेक्षित बक्षिसाच्या प्रतिसादापेक्षा मोठा आहे का’ हा प्रश्न सोडवता येतो, कारण दोन्ही प्रतिसाद एकाच सत्रात, एकाच फायबरमधून येतात.

सेन्सर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तो कोणत्या ग्राहीवरून (डोपामिन ज्याला चिकटते त्या पेशीवरील प्रथिनावरून) तयार केला आहे: डीलाइट मालिकेतील सेन्सर डी१ ग्राहीवर, तर ग्रॅब-डीए मालिकेतील सेन्सर डी२ ग्राहीवर आधारित आहेत. दोन्हींची पहिली रूपे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी गोष्ट आकर्षकतेची, म्हणजे किती संहतीला सेन्सर अर्धा भरतो याची. डीलाइट१.१ साठी हा आकडा सुमारे ३३० नॅनोमोलर आणि डीलाइट१.२ साठी सुमारे ७७० नॅनोमोलर आहे, तर ग्रॅब-डीए२एम साठी तो सुमारे ९० नॅनोमोलर आहे. तिसरी गोष्ट वेगाची. जास्त आकर्षकता असलेला सेन्सर डोपामिन सावकाश सोडतो, त्यामुळे प्रतिसादाची उतरण लांबते आणि लागोपाठच्या दोन घटना एकमेकींत मिसळतात. कमी आकर्षकतेचा सेन्सर चपळ असतो, पण बक्षीस टळल्यावर डोपामिनमध्ये पडणारा खळगा त्याला नीट दिसत नाही. खळगे हाच ज्यांचा विषय आहे त्यांनी चपळ सेन्सरचा मोह टाळावा.

सावधान: डोपामिन पेशींच्या तंतूंत कॅल्शियम सेन्सर बसवून मिळालेला सिग्नल हा कॅल्शियमचा सिग्नल असतो. त्याला ‘डोपामिनचा स्राव’ म्हणू नये. उलट, स्ट्रायटममध्ये (न्यूक्लिअस अॅक्युम्बन्स याचाच भाग आहे) बसवलेल्या डोपामिन सेन्सरच्या नोंदीला ‘डोपामिन पेशींची सक्रियता’ म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. तो पेशीबाहेरील डोपामिनचा सिग्नल आहे आणि त्यावर स्रावाइतकाच पुनर्ग्रहणाचाही (पेशींनी डोपामिन परत आत घेण्याचाही) परिणाम होतो.

टप्पा २: वर्तनपेटी आणि घड्याळ पक्के करणे

हा टप्पा प्राणी हाती येण्यापूर्वी पूर्ण करावा. फोटोमेट्रीचे यंत्र, वर्तन चालवणारा संगणक आणि कॅमेरा यांची घड्याळे वेगवेगळी चालतात. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नास भाग इतकाच फरक असला, तरी एका तासात १८० मिलिसेकंदांची तफावत साठते. सत्राच्या सुरुवातीला एकच पल्स (लहान विद्युत ठोका) देऊन ‘घड्याळे जुळली’ असे मानणाऱ्यांच्या शेवटच्या फेऱ्या (ध्वनी-बक्षिसाच्या एकेक पुनरावृत्ती) म्हणूनच घसरलेल्या असतात, आणि तो घसरलेपणा सरासरीत लपून जातो.

१. एक घड्याळ मुख्य ठरवावे. बहुधा ते फोटोमेट्री यंत्राचे असावे. ध्वनी, बक्षिसाचा थेंब सोडणारी झडप, चाटण्याचा सेन्सर आणि कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम यांच्या टीटीएल (चालू-बंद प्रकारच्या) पल्स त्याच यंत्राच्या डिजिटल वाहिन्यांवर नोंदवाव्यात.

२. ते शक्य नसेल तर संपूर्ण सत्रभर अनियमित अंतराने जुळणी-पल्स द्याव्यात. अंतर नियमित ठेवल्यास एखादी पल्स गळाल्यावर कोणती पल्स कोणाशी जुळवायची हे ओळखता येत नाही.

३. संगणकाच्या साउंड कार्डमधून येणारा ध्वनी आज्ञेनंतर काही दशक मिलिसेकंद उशिरा निघतो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. म्हणून स्पीकरकडे जाणाऱ्या विद्युत सिग्नलची एक शाखा अॅनालॉग वाहिनीवर नोंदवावी आणि ध्वनीची खरी सुरुवात तिच्यावरून घ्यावी.

४. झडप उघडल्याची वेळ म्हणजे बक्षीस मिळाल्याची वेळ नव्हे. उंदराने पहिल्यांदा चाटल्याची वेळ वेगळी नोंदवावी आणि विश्लेषण दोन्ही वेळांना धरून करावे. झडपेचा ‘टक्’ हा आवाज काही दिवसांतच उंदरासाठी बक्षिसाची सूचना बनतो. ज्यांना हा गोंधळ नको असेल त्यांनी झडप पेटीबाहेर, आवाज अडवणाऱ्या वेष्टनात ठेवावी.

५. दोन फेऱ्यांमधील अंतर पुरेसे लांब आणि अनियमित ठेवावे. २० ते ६० सेकंदांच्या दरम्यान बदलणारे अंतर बहुतेक सेन्सरांना मूळ रेषेवर परतायला पुरते, आणि अंतर अनियमित असल्याने उंदराला पुढील ध्वनीचा अंदाज बांधता येत नाही.

फेऱ्यांची रचना करताना काही फेऱ्यांत ध्वनीशिवाय अचानक बक्षीस द्यावे, तर काही फेऱ्यांत ध्वनीनंतरचे बक्षीस टाळावे. हे दोन प्रकार सुरुवातीलाच योजलेले नसतील, तर मिळालेला प्रतिसाद बक्षिसाच्या अपेक्षेचा आहे, ध्वनीच्या नवेपणाचा आहे की नुसत्या हालचालीचा आहे हे नंतर कोणत्याही गणिताने वेगळे काढता येत नाही.

पडताळणी: पेटीत प्राणी नसताना एक पूर्ण लांबीचे सत्र चालवावे. कॅमेऱ्याच्या फ्रेमपल्सची संख्या आणि व्हिडिओतील फ्रेमची संख्या मोजावी. त्यांत एका फ्रेमचाही फरक असेल, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

टप्पा ३: प्रकाशमार्गाची तयारी आणि चाचणी

जीएफपीवर (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावर) आधारित सेन्सरसाठी सुमारे ४६५ ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश द्यावा लागतो आणि साधारण ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गोळा केला जातो. त्याच फायबरमधून ४०५ किंवा ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाशही पाठवला जातो. या तरंगलांबीवर सेन्सरची चमक डोपामिनवर अवलंबून नसावी अशी अपेक्षा असते, म्हणून ती वाहिनी हालचाल आणि प्रकाशक्षयाचा (प्रकाशाने सेन्सरची चमक ओसरण्याचा) हिशेब ठेवते. मात्र जिला आयसोसबेस्टिक बिंदू म्हणतात ती तरंगलांबी सेन्सरनुसार बदलते. कॅल्शियम सेन्सरसाठी जुळणारे ४०५ नॅनोमीटर काही ग्रॅब सेन्सरांसाठी त्या बिंदूपासून बरेच दूर पडतात, आणि मग डोपामिन वाढताच जांभळी वाहिनी खाली जाते. ‘सगळेच ४०५ वापरतात’ या आधारावर तरंगलांबी ठरवू नये. आपल्या सेन्सरचा उद्दीपन-वर्णपट पाहून ती ठरवावी.

दोन्ही एलईडी एकाच शोधकावर (प्रकाश मोजणाऱ्या भागावर) वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांची तीव्रता वेगवेगळ्या वारंवारतेने कमी-जास्त केली जाते, किंवा त्या आळीपाळीने लावल्या जातात. पहिल्या पद्धतीत २११ आणि ५३१ हर्ट्झ यांसारखी जोडी घेतात. विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटीत येणारी वारंवारता घेऊ नये. खोलीतील दिवे आणि वीजपुरवठा यांचा गोंगाट नेमका तेथेच असतो.

१. पॅच कॉर्ड (यंत्र आणि प्राण्याच्या डोक्यावरील फायबर जोडणारी प्रकाशवाहक दोरी) कमी स्वयंप्रदीप्तीची घ्यावी. तरीही ती स्वतः थोडी चमकतेच आणि ही चमक सत्रादरम्यान घटत जाते. म्हणून पहिल्या सत्रापूर्वी तिच्यातून रात्रभर जास्त तीव्रतेचा प्रकाश पाठवून ही चमक आधीच ओसरू द्यावी. रोजच्या सत्राआधीही काही वेळ प्रकाश चालू ठेवावा.

२. पॅच कॉर्डच्या टोकाशी पॉवर मीटरने शक्ती मोजावी. डोपामिन सेन्सरसाठी २० ते ५० मायक्रोवॅट बहुधा पुरतात. सिग्नल क्षीण दिसला की एलईडी वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने सेन्सर लवकर जळतो. क्षीणतेचे खरे कारण बहुतेक वेळा अस्वच्छ जोडणी किंवा चुकलेली फायबरची जागा हेच असते.

३. फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या अगदी पातळ द्रावणात पॅच कॉर्डचे टोक बुडवून दोन्ही वाहिन्या नोंदवाव्यात आणि कॉर्ड हाताने वळवावी, हलवावी. दोन्ही रेषा एकत्र हलल्या पाहिजेत. एकच रेषा हलत असेल तर दोष यंत्राच्या आतील जोडणीत किंवा फिरत्या सांध्यात आहे.

४. शोधक संतृप्त होत नाही, म्हणजे मोजमापाच्या कमाल मर्यादेला पोहोचत नाही, याची खात्री करावी. संतृप्त शोधकाची नोंद फसवी असते, कारण तिच्यात गोंगाट कमी दिसतो आणि ती ‘स्वच्छ’ वाटते.

५. शेवटची चाचणी सर्वांत स्वस्त, तरी सर्वाधिक टाळली जाणारी. पॅच कॉर्डचे टोक उंदराच्या डोक्याच्या उंचीवर पेटीत मोकळे टांगून संपूर्ण वर्तन-कार्यक्रम चालवावा आणि प्रत्येक घटनेभोवतीची सरासरी काढावी. ती सपाट आली पाहिजे.

या पाचव्या चाचणीबद्दल थोडे स्वानुभवाचे. मी काम शिकत असताना एका पेटीत ध्वनीबरोबर हिरवा दिवा लागत असे. प्रत्येक फेरीत इतका नियमित प्रतिसाद मिळत होता की आम्ही तो आनंदाने बैठकीत मांडला. पुढे एका सहकाऱ्याने सहज म्हणून प्राणी न जोडता कार्यक्रम चालवला आणि तोच प्रतिसाद, त्याच उंचीचा, रिकाम्या पेटीतूनही आला. दिव्याचा प्रकाश फेरूलच्या (फायबरच्या टोकावरील नळीसारख्या आवरणाच्या) जोडणीतून आत शिरत होता. त्यानंतर आम्ही ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील दिवे काढले, जोडणीवर काळी नळी चढवली आणि डोक्यावरच्या डेंटल सिमेंटमध्ये कार्बनची पूड मिसळू लागलो. हे तिन्ही उपाय सुरुवातीपासूनच करावेत.

टप्पा ४: शस्त्रक्रिया

कृतीचा तपशील प्रशिक्षकाकडूनच शिकावा. येथे फक्त सिग्नल बिघडवणाऱ्या गोष्टी नोंदवतो. ब्रेग्मा आणि लॅम्डा या कवटीवरील खुणांच्या उंचीतील फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत आणल्याशिवाय कवटीला छिद्र करू नये, कारण चार मिलिमीटरहून खोल जाताना डोक्याचा थोडा कलही टोक दुसऱ्या भागात नेतो. विषाणू-वाहक ३०० ते ५०० नॅनोलिटर, मिनिटाला १०० नॅनोलिटरपेक्षा जास्त नाही अशा गतीने सोडावा आणि सुई काढण्यापूर्वी पाच ते दहा मिनिटे थांबावे. घाईने काढल्यास द्रव सुईच्या वाटेने वर चढतो. वाहक किती सौम्य करायचा हे दोन-तीन प्राण्यांवर पाहून ठरवावे. अतिसंहत वाहकाने पेशी आजारी पडतात आणि चमक भरपूर असूनही प्रतिसाद येत नाही.

फायबर रोवण्यापूर्वी त्याची प्रकाशक्षमता मोजून वहीत लिहावी आणि ८० टक्क्यांहून कमी प्रकाश जाऊ देणारे फायबर बाजूला काढावेत. टोक इंजेक्शनच्या जागेच्या ०.१ ते ०.२ मिलिमीटर वर ठेवावे. ते उतरवताना मिनिटे मोजावीत, सेकंद नव्हे. फायबर जितका सावकाश उतरेल तितकी खालची ऊती कमी दबते.

नियंत्रण-गटाचे प्राणी याच दिवसांत, त्याच हातांनी तयार करावेत. त्यांच्यात नुसते जीएफपी, किंवा त्याहून चांगले म्हणजे डोपामिन बांधू न शकणारे त्याच सेन्सरचे उत्परिवर्तित रूप असावे. ‘आधी मुख्य गट पाहू, मग गरज पडली तर नियंत्रण-गट करू’ असे म्हणणाऱ्यांचा नियंत्रण-गट कधीच होत नाही.

टप्पा ५: सेन्सर तयार होईपर्यंतचे आठवडे

पहिल्या आठवड्यात प्राण्याला बरे होऊ द्यावे. वजन रोज नोंदवावे आणि वेदनाशामक उपचार मंजूर योजनेनुसार पूर्ण करावेत. दुसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळणी सुरू करावी. तिसऱ्या आठवड्यात फेरूलला पॅच कॉर्ड जोडून, एलईडी बंद ठेवून, रिकाम्या पेटीत दहा ते वीस मिनिटे फिरू द्यावे. कॉर्डची सवय नसलेला उंदीर तिला ओढत, चावत राहतो. त्या सत्रात मोजला जातो तो त्याचा वैताग.

अन्न मर्यादित करायचे असेल तर वजन मूळ वजनाच्या ८५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान राखावे. सत्राची वेळ रोज एकच असावी. उंदीर निशाचर आहे. उलटे प्रकाशचक्र वापरायचे असल्यास ते या आठवड्यांतच बदलावे, सत्रे सुरू झाल्यावर बदलू नये.

टप्पा ६: पहिली नोंद आणि निवड

तीन ते चार आठवड्यांनी पहिली नोंद घ्यावी, पण मुख्य वर्तन-कार्यक्रम त्याच दिवशी सुरू करू नये. शांत बसलेल्या किंवा मोकळ्या फिरणाऱ्या उंदराची दहा मिनिटांची नोंद घ्यावी. निळ्या वाहिनीत सेकंदभर टिकणारे, जांभळ्या वाहिनीत नसलेले चढउतार दिसले पाहिजेत. दोन्ही वाहिन्या तंतोतंत एकसारख्या हलत असतील, तर सेन्सर तयार झालेला नाही किंवा फायबर चुकीच्या जागी आहे. त्यानंतर दहा-पंधरा वेळा साखरपाण्याचा थेंब अनपेक्षितपणे द्यावा. न्यूक्लिअस अॅक्युम्बन्सच्या गाभ्यात या थेंबाला स्पष्ट, वर जाणारा प्रतिसाद यायला हवा.

कोणता प्राणी प्रयोगात राहील आणि कोणता वगळला जाईल याचा आकड्यांतील निकष या नोंदीआधी लिहून ठेवावा. ‘सिग्नल चांगला वाटला नाही’ हा निकष होत नाही. मुख्य प्रयोगाचे निष्कर्ष पाहून एखादा प्राणी वगळणे ही तर निष्कर्ष आपल्या सोयीने घडवण्याचीच रीत झाली.

सावधान: नियंत्रण-गटाला हाच निकष लावता येत नाही, कारण त्यांच्यात प्रतिसाद नसणे अपेक्षितच आहे. त्यांच्यासाठी मूळ चमक पुरेशी आहे का एवढेच पाहावे.

टप्पा ७: प्रत्यक्ष सत्र

हा टप्पा आता लहान आहे, कारण काम आधीच झाले आहे. फेरूलचे टोक अल्कोहोलने ओलसर केलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कागदाने पुसावे. जोडनळीत दोन्ही फेरूल एकमेकांना टेकल्याचे तिच्या फटीतून डोळ्यांनी पाहावे. केसाएवढे अंतर राहिले तरी बराच प्रकाश वाया जातो आणि प्रत्येक हालचालीला रेषा उडते. प्रत्येक प्राण्यासाठी तीच पॅच कॉर्ड, तीच वाहिनी, तीच पेटी ठेवावी. शक्ती रोज मोजून लिहावी. एलईडी लावल्यावर पहिली पाच ते दहा मिनिटे कार्यक्रम सुरू करू नये, कारण प्रकाशक्षयाचा सर्वांत तीव्र उतार याच वेळात असतो. गटांतील प्राण्यांचा क्रम रोज बदलावा, म्हणजे एका गटाची सत्रे नेहमी सकाळी आणि दुसऱ्याची नेहमी सायंकाळी असे होणार नाही. सत्र सुरू असताना कॉर्ड अडकली, उंदराने ती चावली किंवा दार उघडावे लागले, तर नेमकी वेळ लिहावी; महिन्याभराने पाहताना तीच नोंद उपयोगी पडते.

टप्पा ८: विश्लेषण

विश्लेषणाची सुरुवात कच्च्या रेषा डोळ्यांनी पाहण्यापासून करावी, प्रत्येक प्राण्याच्या, प्रत्येक सत्राच्या. तयार संगणक-प्रणाली चालवून थेट सरासरीचा आलेख काढणाऱ्याला कॉर्ड निसटल्याचे कधीच कळत नाही.

१. जोडणी निसटल्याने आलेले खड्डे आणि उड्या चिन्हांकित कराव्यात आणि त्या भागातील फेऱ्या वगळाव्यात. उडी ‘गुळगुळीत’ करून ठेवू नये.

२. दोन्ही वाहिन्यांना एकच लो-पास (जलद चढउतार गाळणारा) फिल्टर लावावा. वेळेत पुढे-मागे दोन्ही दिशांनी चालणारा फिल्टर वापरल्यास प्रतिसाद मागेही पसरतो, आणि मग डोपामिन घटनेच्या आधीच वाढल्याचा भास होतो. ‘प्रतिसाद कधी सुरू झाला’ हा प्रश्न असेल तर फक्त मागील नमुने वापरणारा फिल्टर घ्यावा आणि त्याने येणारा उशीर सांगावा.

३. जांभळी वाहिनी निळीवर रेषीय पद्धतीने बसवावी. मोठ्या प्रतिसादांनी ही बसवणी ओढली जाऊ नये म्हणून टोकाच्या मूल्यांना कमी वजन देणारी पद्धत साध्या लघुतम-वर्ग पद्धतीपेक्षा बरी. मिळालेला उतार धन असायला हवा. तो ऋण आला तर थांबावे. त्या सत्रात जांभळी वाहिनी नियंत्रणाचे काम करत नाही आणि ती वजा केल्यास नसलेले प्रतिसाद निर्माण होतील. अशा वेळी प्रकाशक्षयासाठी दुहेरी घातांकी वक्र वापरावा आणि हालचालीच्या शंकेचे निरसन नियंत्रण-गटावरून करावे.

४. निळ्या वाहिनीतून बसवलेली वाहिनी वजा करून उत्तराला बसवलेल्या वाहिनीने भागावे. यालाच डेल्टा एफ बाय एफ म्हणतात. केवळ वजाबाकी करून थांबल्यास मूळ चमक जास्त असलेल्या प्राण्याचे प्रतिसाद विनाकारण मोठे दिसतात.

५. प्रत्येक घटनेभोवती खिडकी कापावी. मूळ पातळीची खिडकी नेहमी फेरीच्या पहिल्या घटनेपूर्वीची घ्यावी.

या पाचव्या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण छापून आलेल्या आलेखांतही येथे चूक सापडते. ध्वनीनंतर दोन सेकंदांनी बक्षीस येत असेल आणि बक्षिसाच्या प्रतिसादासाठी ‘बक्षिसापूर्वीचे दोन सेकंद’ ही मूळ पातळी धरली, तर ध्वनीचा प्रतिसाद मूळ पातळीतच मिसळतो. शिकण्याबरोबर ध्वनीचा प्रतिसाद वाढतो, तसतसा बक्षिसाचा प्रतिसाद आपोआप घटल्यासारखा दिसतो. लेखकाला वाटते, प्रतिसाद बक्षिसाकडून सूचनेकडे सरकला. प्रत्यक्षात वजाबाकीनेच तो सरकवलेला असतो. खरा बदल आणि हा आभास वेगळे करण्याचा साधा मार्ग म्हणजे दोन्ही प्रतिसाद ध्वनीपूर्व पातळीवरून मोजणे, आणि त्याच सत्रातील अनपेक्षित बक्षिसाच्या फेऱ्या शेजारी मांडणे.

झेड-स्कोअरबद्दलही (मूळ पातळीपासूनचा फरक प्रमाण-विचलनाने भागून येणाऱ्या आकड्याबद्दलही) असेच. प्रत्येक फेरीच्या दोन-तीन सेकंदांच्या मूळ खिडकीतील प्रमाण-विचलनाने भागल्यास, योगायोगाने शांत गेलेल्या खिडकीनंतरचा क्षुल्लक चढही पर्वतासारखा दिसतो. भाजक संपूर्ण सत्रातून किंवा सर्व फेऱ्यांच्या मूळ खिडक्या एकत्र करून काढावा. शिवाय झेड-स्कोअर म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर. एका गटाच्या फायबरमध्ये गोंगाट जास्त असेल, तर त्या गटाचा डोपामिन प्रतिसाद ‘कमी’ ठरेल.

सांख्यिकीत एकक प्राणी असतो, फेरी नव्हे. आठ उंदरांच्या प्रत्येकी शंभर फेऱ्या म्हणजे आठशे स्वतंत्र नमुने होत नाहीत. फेऱ्यांची माहिती वापरायचीच असेल तर प्राण्याला यादृच्छिक घटक मानणारे मिश्र-परिणाम प्रतिमान घ्यावे. संपूर्ण रेषेवर ‘कोणत्या क्षणी फरक आहे’ हे शोधताना प्रत्येक नमुन्यावर स्वतंत्र टी-चाचणी चालवू नये. अदलाबदल-चाचणी (गटांची नावे पुन्हा पुन्हा अदलून फरक तपासणारी) करावी आणि किती सलग वेळ टिकलेला फरक मान्य करायचा हे आधी ठरवावे.

राहता राहिली हालचाल. बक्षिसाकडे धावणाऱ्या उंदराचा वेग आणि डोपामिन दोन्ही एकाच वेळी वाढतात. व्हिडिओवरून डीपलॅबकटसारख्या साधनाने काढलेला वेग विश्लेषणात चल म्हणून घ्यावा आणि बक्षिसाशिवाय तितक्याच वेगाने धावल्याच्या क्षणांतील सिग्नल शेजारी ठेवावा. तेथेही तितकाच चढ दिसला, तर लेखाचे शीर्षक बदलावे लागेल.

टप्पा ९: औषधी चाचणी आणि ऊतींची तपासणी

मुख्य सत्रे संपल्यावर, आधी कधीच नाही, त्याच प्राण्यांत सिग्नल डोपामिनचाच आहे हे तपासावे. डोपामिनचे पुनर्ग्रहण रोखणारे औषध दिल्यावर पातळी चढली पाहिजे आणि प्रतिसादांची उतरण लांबली पाहिजे. सेन्सर ज्या ग्राहीवरून बनला आहे त्या ग्राहीचा अवरोधक दिल्यावर प्रतिसाद नाहीसे झाले पाहिजेत. प्रत्येक औषधाच्या दिवसासोबत सलाइनचा दिवस ठेवावा, कारण सुई टोचण्याचाही स्वतःचा प्रतिसाद असतो.

सावधान: याच गुणधर्मामुळे वर्तनावरील औषधांचे प्रयोग फसतात. ग्रॅब-डीए सेन्सर असलेल्या उंदराला हॅलोपेरिडॉल (डी२ अवरोधक) दिले किंवा डीलाइट असलेल्याला एससीएच-२३३९० (डी१ अवरोधक) दिले, तर औषध सेन्सरलाच बंद करते. सिग्नल सपाट झाल्यावर ‘डोपामिन थांबले’ असे लिहू नये. डी२ अवरोधकाखाली डोपामिनचा स्राव प्रत्यक्षात वाढलेला असण्याचीच शक्यता अधिक. अशा प्रयोगासाठी दुसऱ्या ग्राहीवर आधारित सेन्सर निवडावा लागतो, आणि हा निर्णय पहिल्या टप्प्यातच घ्यायचा असतो.

शेवटी चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने मेंदू स्थिर करून ४० ते ५० मायक्रोमीटरचे काप घ्यावेत आणि जीएफपीविरोधी प्रतिपिंडाने रंगवावेत. डोके काही तास द्रावणात ठेवून मगच फायबर काढल्यास त्याचा मार्ग कापांत स्पष्ट उरतो. टोकाची जागा गट माहीत नसलेल्या व्यक्तीने मेंदूच्या नकाशावर चिन्हांकित करावी. टोकाखाली सेन्सर नसलेला किंवा टोक ठरवलेल्या भागाबाहेर गेलेला प्राणी वगळावा, मग त्याचा आलेख कितीही सुंदर असो. लेखात सर्व प्राण्यांच्या टोकांचा नकाशा, वगळलेल्यांची संख्या कारणांसह, टोकाशी मोजलेली प्रकाशशक्ती, दोन्ही तरंगलांबी, फिल्टरची मर्यादा आणि मूळ पातळीची खिडकी सेकंदांत द्यावी. जांभळ्या वाहिनीची घटनेभोवतीची सरासरी निळीशेजारी, त्याच मापाच्या अक्षावर छापावी.